बीपी सापडू नये म्हणून काय करावे

बीपी वाढणं सोपं आहे, ते सापडू न देणं हे खरं कसब. वाढलेलं बीपी दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. तुमचं अर्धं काम त्यानंच करून ठेवलेलं असतं. उरलेल्या अर्ध्याची मात्र सरकारनं पंचाईत केली आहे. सपाटीवर ५,००० वस्तीमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, साधारण १,००० माणसांमागे एक आशाताई. २०१८ नंतर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागले. २०२३च्या १५ ऑगस्टपासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. ‘परवडत नाही’ हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं हुकमी कारण त्या दिवशी गेलं. तरी धीर सोडू नका.

पहिलं संकट दारात येतं. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम होतो का, घरात कुणाला बीपी-साखर आहे का. गुण चारच्या वर गेले की तुमचा नंबर तपासणीत आधी लागतो. तेव्हा गुण कमी ठेवायचे. तंबाखूचं विचारलं की ठामपणे नाही म्हणा; मिश्रीची डबी न्हाणीच्या कोनाड्यात असली तरी हरकत नाही, कारण मिश्री म्हणजे दात घासणं, असं सगळा गाव मानतो. ती भाजलेली तंबाखूच असते आणि दिवसातून चार वेळा दात कुणी घासत नाही, हे प्रश्न फॉर्मवर नाहीत. टेप काढली की पोट आत घ्या. बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० अशी हद्द आहे. निऱ्यांवरून माप घेऊ दिलंत तर उलट जास्तच भरेल, सांभाळा. सगळ्यात उत्तम वाक्य म्हणजे, “तुम्हीच भरा की मनानं, आम्हाला काय धाड भरलीय!” आशाताईला पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला असतो, या फॉर्ममागे १० रुपये. अजून चाळीस घरं बाकी असताना ती तुमच्याशी किती हुज्जत घालणार?

एवढं करूनही उपकेंद्रात जावं लागलंच तर घाबरू नका, मोजणीत वाट्टेल तेवढी मोकळीक आहे. नीट मोजायचं तर तपासणीआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, दमाचं काम नको. लघवीला जाऊन यायचं, पाठीला टेकू देऊन पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर छातीच्या पातळीत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. तुम्ही काय करायचं? तरातरा चालत या, आल्याआल्या खुर्चीत बसा, पायावर पाय टाका, हात खाली लोंबू द्या आणि यंत्र फुगत असताना सिस्टरांना उसाच्या बिलाची हकिगत सांगा. तुंबलेली लघवी, आडवे पाय, लोंबता हात, बोलणं, यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर नेते. दंड जाड आणि पट्टा नेहमीच्याच मापाचा असेल तर आणखी वर. फुल बाहीचा शर्ट कोपरावर घट्ट गुंडाळला की मोजणीचा पुरता विचका.

आकडा वाढवून काय मिळवलं, असं वाटेल. अहो, तिथंच तर मेख आहे. चुकीचा आकडा नाकारता येतो. १६०/१०० आलं की म्हणायचं, “चालत आलो ना, म्हणून.” सिस्टरांनाही ते पटतं. एका दिवसाच्या आकड्यावर बीपीचं निदान सहसा करत नाहीत; वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून वर आलं तर करतात. म्हणून दुसऱ्या दिवशी जायचंच नाही. खूप वाढलं असेल, म्हणजे १८०/११०च्या घरात, तर तिथल्या तिथे डॉक्टरांकडे पाठवतात. तेव्हा ‘रस्त्यात एसटी गाठायचीय’ म्हणून उठा.

या बाबतीत काही ठिकाणी यंत्रणाही तुमच्या पाठीशी उभी असते, तिचे आभार मानायला हवेत. यंत्राची बॅटरी संपलेली, वरून तारखेला आकडे मागितलेले, रजिस्टर कोरं. मग संध्याकाळी सगळ्या वाडीचं बीपी १२०/८० निघतं, आजोबांचं आणि सुनेचं एकच. अशा पानावर तुमचं नाव असेल तर समजा पाच वर्षांची निश्चिंती झाली.

समजा, सगळे उपाय थकले आणि गोळी लागली. बहुधा ॲम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. इतकी सोपी गोष्ट बिघडवायला थोडं डोकं लागतं. ‘एकदा लागली की जन्माची मागे लागते’ हे वाक्य घरात रोज म्हणत जा. जन्माचं दुखणं असतं, गोळी नव्हे, हा तपशील मध्ये आणू नका. महिन्यानं १२८/८० आलं की गोळी बंद करा, बरं झालं म्हणून. ते गोळीमुळे आलं, असं म्हणणाऱ्याला नास्तिक समजा. किंवा डोकं दुखेल त्या दिवशीच घ्या. तपासणीच्या दिवशी मुळीच घेऊ नका, कारण रक्त द्यायला उपाशी या असं सांगितलेलं असतं आणि उपाशी म्हणजे पाण्याच्या घोटाबरोबर बीपीची गोळीसुद्धा नको, असा अर्थ काढायला तुम्ही मोकळे आहात. त्या सकाळचा वाढलेला आकडा पाहून डॉक्टर डोस वाढवतील. मग ‘गोळ्या वाढवतच नेतात’ ही तक्रार तुमची पक्की.

घोट्याशी पाय सुजले तर सांगू नका. ॲम्लोडिपिननं काहींना तशी सूज येते, डॉक्टर डोस कमी करतात किंवा टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देतात, एवढ्या पाच मिनिटांच्या कामासाठी कोण रांगेत बसणार? गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक मात्र महिनोन्‌महिने आणत राहा. ती बीपी वाढवते, मूत्रपिंडाला त्रास देते आणि बीपीच्या गोळीची अर्धी मेहनत वाया घालवते, तीही चिठ्ठीवाचून.

२०१७ पासून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक देशव्यापी उपक्रम सुरू आहे. महाराष्ट्रात त्याची सुरुवात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतून झाली. त्याची रीत फार त्रासदायक आहे. ठरलेली मोजकी औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन. यातलं शेवटचं सर्वांत घातक, म्हणून नोंदणीच्या वेळीच पुण्याच्या मुलाचा नंबर द्यावा. तो फोन उचलत नाही, हे तुम्हाला अनुभवानं माहीत आहेच. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी न जाता संपल्यावर आठ दिवसांनी जा. कधीतरी साठा नसतोच. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकलं की त्याच रागात वर्षभर जायचं नाही. आठ दिवसांपुरत्या गोळ्या जेनेरिकच्या दुकानातून घेतल्या तर एक गोळी टपरीवरच्या कटिंगपेक्षा स्वस्त पडते, पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

मिठाबद्दल थोडक्यात. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात भाजी, भाकरी, ठेचा, लोणचं, पापड, सुकट, फरसाण सगळं आलं. चार माणसांच्या घरात किलोचा पुडा किमान पन्नास दिवस पुरायला हवा, आणि बाहेरचं खारट खात असाल तर त्याहून जास्त. तुमचा पंचवीस दिवसांत संपत असेल तर तुम्ही योग्य मार्गावर आहात. कुणी बोललंच तर सैंधव आणा. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असतो एवढंच, आणि बीपीला रंग दिसत नाही. कमी सोडियमचं मीठ मात्र कुणालाही न विचारता आणा: त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्याला किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्याला ते बाधू शकतं.

इतक्या वर्षांच्या साधनेनंतर एखाद्या सकाळी तोंड एका बाजूला वाकडं होईल, एक हात उचलणार नाही, बोलणं बोबडं येईल. “अंगावरून वारं गेलं,” असं कुणीतरी म्हणेल. तिथून पुढे घरच्यांनी शिस्तीनं वागावं. आधी पाणी पाजावं; गिळता येत नसताना पाणी फुप्फुसात जातं. मग साठवलेल्या बीपीच्या दोन गोळ्या एकदम द्याव्यात. मग शेजारच्या तालुक्यात वाऱ्यावर तेल चोळून देणाऱ्याकडे जायला गाडी ठरवावी. १०८ला फोन करू नये, कारण ती माणसं सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयाचं नाव काढतात, आणि रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते. तिथले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे, “यांना शेवटचं धडधाकट कुणी आणि किती वाजता पाहिलं?” घड्याळाकडे कुणीही पाहिलेलं नसावं. घरात पाच माणसं असतील तर पाच वेगवेगळ्या वेळा सांगाव्यात, आणि कार्ड विचारलं तर ते पुण्याच्या मुलाकडे आहे म्हणावं.