नीत्शेनं ‘बलवानाला सगळं माफ’ असं कुठं म्हटलंय?

‘नीत्शेनं पाप-पुण्य कायमचं मोडीत काढलं. सद्गुण हा दुबळ्यांचा कावा, बलवानाला सगळं माफ. नाझी त्याच्याच वाटेनं गेले.’ एकोणिसाव्या शतकातल्या या जर्मन तत्त्वज्ञाबद्दल या आशयाचा मजकूर सगळीकडे फिरत असतो. यातल्या प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणूनच ते पटकन गळी उतरतं.

आधी मोडीत काढण्याचं बघू. १८८१ च्या ‘उषःकाल’मध्ये नीत्शे स्वच्छ लिहितो की अनैतिक ठरवलेली पुष्कळ कृत्यं टाळलीच पाहिजेत, हे नाकारायला मी काही मूर्ख नाही, फक्त त्यामागची कारणं आजवरच्यापेक्षा वेगळी हवीत. त्याच पुस्तकात तो चार सद्गुणही सांगतो: स्वतःशी आणि मित्रांशी प्रामाणिकपणा, शत्रूपुढे धैर्य, हरलेल्याशी उदारपणा आणि सौजन्य तर कायमच. नीती गुंडाळून ठेवलेला माणूस ही यादी कशाला करेल?

‘दुबळ्यांचा कावा’ हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. तो १८८७ च्या नीतीच्या वंशावळीवरच्या पुस्तकातून येतो. तिथं कोकरं आणि शिकारी पक्षी भेटतात. कोकरं आपसात ठरवतात, हे पक्षी दुष्ट. मग जो पक्ष्यासारखा अजिबात नाही, तो चांगला. आपण चांगले ठरलो ते असे, दुसऱ्याला आधी दुष्ट ठरवून! नीत्शेचा रोख दुबळेपणाला सद्गुण म्हणण्याच्या या नामांतरावर आहे. वरिष्ठासमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही, आणि घरी आल्यावर आपण म्हणतो, ‘जाऊ दे, मी त्याला माफ केलं.’ माफ कसलं? सूड उगवता आला नाही, एवढंच. (हे वाचताना मला माझ्याच दोन-तीन ‘क्षमा’ आठवल्या.) पण यावरून क्षमाच खोटी, असं तो म्हणत नाही. उलट, शत्रू, अपमान लगेच विसरून जाणाऱ्या माणसाचं तो त्याच पुस्तकात कौतुक करतो. पहिल्या निबंधाच्या शेवटी तर तो बजावतो की ‘चांगलं आणि दुष्ट’ यांच्या पलीकडे जाणं म्हणजे ‘चांगलं आणि हीन’ यांच्या पलीकडे जाणं नव्हे, म्हणजे उमदं आणि हलकं हा भेद राहतोच. फिरणाऱ्या मजकुरात नेमकं हेच गळतं.

‘सगळं माफ’ तर नाहीच. त्याचा उमदा माणूस आधी स्वतःशी कठोर असतो. दुर्दैवी माणसाला तोही मदत करतो, पण कीव येऊन नव्हे, आपल्याजवळचं बळ ओसंडतं म्हणून.

आता नाझी. १८८९ च्या जानेवारीत तुरीनमध्ये नीत्शेचं मानसिक संतुलन ढळलं ते कायमचं, आणि १९०० मध्ये तो गेला. त्याची टिपणं निवडून, जुळवून ‘सत्तेची इच्छा’ या नावानं १९०१ मध्ये छापली गेली. त्याच्या कागदपत्रांचं दप्तर त्याची बहीण एलिझाबेथच्या हाती होतं. तिचा नवरा कडवा ज्यूद्वेष्टा, आणि त्या लग्नावरून भावाबहिणीत वितुष्ट आलेलं. नीत्शेला ज्यूद्वेष्ट्यांची आणि जर्मन राष्ट्रवादाची किळस होती. पुढे १९३५ मध्ये एलिझाबेथच्या अंत्यविधीला हिटलर हजर होता, नीत्शे मात्र तोवर पस्तीस वर्षं कबरीत होता.

तरी सगळं खापर बहिणीवर फोडून त्याला सोडून देणंही मला पटत नाही. समता आणि लोकशाही यांचा तिटकारा त्याचा स्वतःचाच होता. उच्च संस्कृतीला कुठल्या ना कुठल्या अर्थानं गुलामगिरी लागते, हे वाक्य १८८६ मध्ये शुद्धीवर असताना त्यानंच लिहिलं आणि छापलं.