एन. डी. सरांनी काय आणलं, असं विचारणाऱ्यांना

आमच्या पेठेतल्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय, कुठल्या आमदारानं किती कोटींचा निधी आणला. फ्लेक्सचे फोटो, आकडे, त्यावर शिव्या. त्यात एकानं लिहिलं, एन. डी. पाटील पाच वर्षं कोल्हापूरचे आमदार होते, त्यांनी काय आणलं? मेलबर्नमध्ये बसून ते वाचलं आणि खरंच वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

सरांचा जन्म १९२९ चा, वाळवा तालुक्यातल्या ढवळीत, शेतकऱ्याच्या घरात. शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) १९६० ला विधान परिषदेवर गेले, सगळं मिळून १८ वर्षं तिथं काढली, ७८ ते ८० सहकारमंत्री आणि ८५ ला कोल्हापुरातून विधानसभेवर. मंत्रिपदाचा तेवढा काळ सोडला तर बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर. विरोधातल्या माणसाचं पहिलं काम सरकारला जाब विचारायचं, आणि ते त्यांनी आमदारकी गेल्यावरसुद्धा सोडलं नाही.

टोल आठवतोय ना? शहरातले रस्ते बीओटीवर, म्हणजे कंपनीनं बांधायचे आणि टोलमधून पैसे काढायचे, ३० वर्षांची वसुली, २०१३ ला नाके सुरू झाले. तेव्हा सर ८४ वर्षांचे होते, तब्येत साथ देत नव्हती तरी ते आणि गोविंदराव पानसरे मोर्चाच्या पुढं, आणि सगळे पक्ष, तालमी, बायाबापड्या मागं, शेवटी २०१५ च्या डिसेंबरात सरकारनं टोल रद्द केला. पानसरे अण्णा तो दिवस बघायला राहिले नाहीत, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा खून झाला होता. इकडं मेलबर्नला सिटीलिंक या रस्त्याच्या टोलची मुदत २०४५ पर्यंत वाढवली, आम्ही सगळे ई-टॅगवरून गपगुमान भरतोय. या बाबतीत कोल्हापूर खरंच भारी आहे.

पण एक गोष्ट इथली घेण्यासारखी वाटते. इथल्या व्हिक्टोरिया राज्याच्या विधानसभेत ८८ जण आहेत, आमचा प्रतिनिधी काय बोलला, कुठल्या बिलावर कसं मत दिलं, हे हॅन्सार्डमध्ये, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या छापील नोंदीत, मी घरबसल्या वाचतो आणि निवडणुकीत त्यावरून बोललं जातं. तो कुणाच्या लग्नाला गेला का, हे कोण बघत नाही. आता आपल्या लोकांना यात दोष द्यायचा नाही मला, रात्री दोन वाजता सीपीआरला, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, बेड मिळत नसेल तर माणूस आमदारालाच फोन करणार, दुसरं कुणाला करणार? इथं तशी वेळ माझ्यावर आली नाही म्हणून मला हे बोलणं सोपं जातंय, तेही कळतं.

तरीपण सीपीआरला बेड का नाही, हा प्रश्न विधानसभेत कुणी विचारला, कितीदा विचारला, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे ग्रुपवर कधीच कुणी टाकत नाही. निधीच्या आकड्यांशेजारी हे पण टाका राव. पुढच्या वेळी मतं मागायला दारात येतील तेव्हा गटार-पेव्हरबरोबर एवढं नक्की विचारा, गेल्या अधिवेशनात तुम्ही काय बोलला?