दारुडा इन्स्पेक्टर पुरे झाला

पोलिसांवरच्या काळ्या, रखरखीत गुन्हेकथा मी आवडीने वाचते. पण त्यातल्या इन्स्पेक्टरचे दोष वाचून आता चीड येते. तो पितो, बायको सोडून गेलेली असते, आणि संशयिताच्या कानाखाली दोन ठेवून दिल्या की खरा खुनी सापडतो. म्हणजे दोष घरच्यांना भोवतो, तपासाला मात्र फळतो. हे मला अजिबात पटत नाही.

मी इंदूरला फौजदारी वकिली करते. मला पोलिसाचा दोष कागदावर दिसतो. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे १८७२ च्या साक्ष कायद्यापासून चालत आलंय. पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. पूर्वी हे कलम २७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. त्यामुळे कोठडीतली मारहाण कबुलीपेक्षा चाकूसाठी जास्त होते. आरोपीचं ते सांगणं ज्या कागदावर उतरवतात, त्याला आमच्याकडे मेमोरेंडम म्हणतात. एका प्रकरणात चाकू जप्त झाल्याची वेळ मेमोरेंडमच्या आधीची निघाली. उलटतपासणीत दोन्ही पंच म्हणाले, सह्या ठाण्यातच घेतल्या. टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख इन्स्पेक्टर, पैसे खाणारे नव्हते. खून आरोपी पोरानेच केलाय याची त्यांना पक्की खात्री होती, म्हणून पुरावा त्यांनी ‘नीट बसवला’. पोरगा निकाल लागेपर्यंत आत. आणि खून त्याने केला होता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. मला कादंबरीत हा अधिकारी हवाय.

आपल्याकडे हे जमलेलं आहे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ सिनेमा आला. त्यातल्या फौजदार वेलणकरच्या हातून कोठडीत एक भुरटा चोर मरतो, आणि तिथून त्याची सुटका नाही. त्याचा राग कितीही समजला तरी मेलेला माणूस मेलेलाच राहतो. लेखकाने तिथे सूट दिली नाही, म्हणून ते आजही अंगावर येतं.

तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं. इंदुरात डिसेंबर २०२१ मध्ये कमिशनरी, म्हणजे पोलीस आयुक्तालय, आली. तरी रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, सकाळपासून राजवाड्यावर उभा असलेला टीआयच संध्याकाळी खुनाच्या पंचनाम्याला जातो. थकलेल्या माणसाला शॉर्टकट किती बरा वाटत असेल, हे लिहा ना कुणीतरी. त्यासाठी बाटली आणि घटस्फोट लागत नाही.

आणि लिहिणाऱ्यांना एक विनंती. प्रधान आरक्षकाला, म्हणजे हेड कॉन्स्टेबलला, नुसता चहा सांगायला ठेवू नका. बऱ्याच वेळा केस डायरीतलं अक्षर त्याचंच असतं. साहेबांनी ‘ही वेळ बदल’ म्हटल्यावर त्याच्या मनात काय चालतं, हे मराठीत कुणी लिहिलं असेल तर मला जरूर कळवा. मी ते आजच मागवते.