'काका, सोर्स समोर आहे ना?' या प्रतिक्रियेला उत्तर

लिनक्समध्ये एका प्रोग्रामला किती फाइली उघडता याव्यात, या मर्यादेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: मर्यादा वाढवा, मोडेल ते ज्याचं त्याने दुरुस्त करावं, सोर्स म्हणजे मूळ कोड समोर आहेच. प्रतिक्रिया खोडायची नाही असा माझा नियम आहे, म्हणून तुमचीही तशीच ठेवली आहे. पण 'काका' म्हणून सुरुवात करून पुढच्याच ओळीत 'तुमच्यासारख्यांच्या भीतीपायी लिनक्स अडकलंय' असं लिहायचं आणि वर 'राग मानू नका' म्हणायचं, हे काही जमलं नाही. राग मानायचा की नाही ते मी बघेन. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला होता का, एवढंच सांगा.

कारण लेखात मर्यादा वाढवायला माझा विरोध कुठेच नव्हता. फाइल डिस्क्रिप्टरची (प्रोग्रामने उघडलेल्या फाइलीला किंवा कनेक्शनला मिळणाऱ्या क्रमांकाची) हार्ड लिमिट, म्हणजे वरची कमाल हद्द, खुशाल वाढवा; सॉफ्ट लिमिट, म्हणजे प्रोग्रामला सुरुवातीला लागू असलेली आणि हार्डपर्यंत स्वतः वाढवता येणारी हद्द, मात्र १०२४ वरच राहू द्या, एवढंच म्हणणं होतं. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. सिस्टमडीने (बहुतेक लिनक्समध्ये सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) २४० व्या आवृत्तीत, डिसेंबर २०१८ मध्ये, नेमकं हेच केलं: हार्ड लिमिट ४०९६ वरून ५,२४,२८८ केली आणि सॉफ्टला हात लावला नाही. जुनं ते सोनं म्हणणारी माणसं म्हणून सिस्टमडीवाल्यांची ख्याती आहे, असं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

आता तुमचं ते वाक्य. 'ज्यांचे प्रोग्राम मोडतील त्यांनी ते दुरुस्त करावेत, सोर्स सगळ्यांसमोर आहे.'

कोणी दुरुस्त करावेत? सिलेक्ट, म्हणजे अनेक डिस्क्रिप्टरवर एकदम नजर ठेवणारा जुना कॉल, वापरणारा प्रोग्राम घ्या. त्याचा एफडी_सेट म्हणजे १०२४ बिटांचा नकाशा, १२८ बाइट, बहुतेकदा स्टॅकवर. डिस्क्रिप्टरचा क्रमांक १०२४ किंवा त्यापुढचा आला की एफडी_सेट मॅक्रो मुकाट्याने शेजारच्या मेमरीत बिट लिहितो. फोर्टिफाय (कंपायलरची जादा तपासणी) लावून कंपाइल केलेलं असेल तर जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, प्रोग्राम जागच्या जागी थांबवते, हे त्यातल्या त्यात नशीब. नसेल तर दुसराच कुठला व्हेरिएबल बदलतो आणि क्रॅश होतो तो तिसऱ्याच ठिकाणी. 'मोडतील' असं तुम्ही लिहिता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर स्वच्छ एरर मेसेज असतो. इथे मेसेज येत नाही. तो प्रोग्राम चालवणाऱ्या माणसाला आपलं काही मोडलंय हेच कळत नाही, मग तो दुरुस्त काय करणार?

दुसरा नमुना माझ्या अंगावर आलेला आहे. मी सर्व्हर सांभाळून पोट भरतो, त्यामुळे हे पुस्तकातलं नाही. एक जुना डेमन (पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम) नव्या मशीनवर कंटेनरमध्ये टाकला, तर तो सुरूच होईना. लॉग कोरा. सीपीयूचा एक कोर १०० टक्के. एसट्रेस (प्रोग्राम कर्नलला काय काय सांगतोय ते दाखवणारं साधन) लावला, तर पडद्यावर क्लोज, क्लोज, क्लोज, प्रत्येक ओळीच्या शेवटी ईबॅडएफ, म्हणजे 'असा डिस्क्रिप्टर उघडाच नाही', आणि क्रमांक एकेकाने चढत चाललेला. चाइल्ड प्रोसेस सुरू करण्याआधी सगळे डिस्क्रिप्टर बंद करायचे, ही जुन्या डेमनांची शिस्त, आणि 'सगळे' म्हणजे सॉफ्ट लिमिट असेल तितके. मर्यादा १०२४ असताना हे डोळ्याची पापणी लवण्याआधी व्हायचं. इथे कंटेनरच्या सर्व्हिस फाइलमध्ये कोणीतरी 'इन्फिनिटी' लिहून ठेवलं होतं आणि त्या मशीनवर त्याचा अर्थ होता १,०७,३७,४१,८१६. डेमन बिचारा १०७ कोटी दारं ठोठावत बसला होता. त्याचा सोर्स माझ्यासमोर नव्हता, ज्यांनी लिहिला ते काम सोडून गेलेले, आणि समोर असता तरी रात्री दोन वाजता मी पॅच लिहीत बसलो नसतो. सॉफ्ट लिमिट १०२४ केली, डेमन उठला. ही तुमची 'भीती'.

डिस्क्रिप्टरची अख्खी रांग एका फटक्यात बंद करणारा क्लोज_रेंज कॉल आहे ना, असं तुम्ही म्हणालच. आहे, लिनक्स ५.९ पासून, म्हणजे २०२० पासून. त्याआधी लिहिलेल्या बायनरीला तो कसा सापडणार?

उलट ज्याला हजारो डिस्क्रिप्टर हवेत, त्याला अडवलंय कोणी? सुरुवातीलाच सेटआरलिमिट या कॉलने आपली सॉफ्ट लिमिट हार्डपर्यंत न्यावी आणि सिलेक्टऐवजी ईपोलने किंवा पोलने काम करावं, त्यांना १०२४ ची अट नाही. गो भाषेचा रनटाइम १.१९ पासून हे आपणहून करतो. फक्त दुसरा प्रोग्राम एक्झेक करण्याआधी, म्हणजे सुरू करण्याआधी, मर्यादा पुन्हा खाली आणायची, कारण ती वारशाने पुढे जाते. ज्याला गरज आहे त्याने एक कॉल करावा, की ज्याला पत्ताही नाही त्याने मोडून पडावं? यात 'प्रगतीविरोधी' काय आहे ते एकदा समजावून सांगा.

ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमचा उल्लेख लेखात नव्हता, तो हवा होता, मान्य. पण उदाहरण तुम्ही स्वतःच्याच विरोधात दिलंत. २०१४ च्या ५.५ आवृत्तीत त्यांनी टाइम_टी, म्हणजे वेळ साठवण्याचा डेटा टाइप, ६४ बिट केला आणि जुन्या बायनरींचा विचार केला नाही, हे खरं. मात्र तिथे कर्नल, लिबसी (सी लायब्ररी) आणि बेस सिस्टम सोर्सच्या एकाच झाडात, एकाच चमूच्या हातात. पोर्टमधल्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या, प्रोग्रामांत काय बिघडतंय हेही त्यांनीच शोधलं, त्यांनीच निस्तरलं. 'सोर्स समोर आहे, करा तुमचं तुम्ही' असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. लिनक्स कर्नलच्या हातात तुमचा यूजरस्पेस, म्हणजे कर्नलवर चालणारे बाकीचे प्रोग्राम, नाही, म्हणून तो मोडायचा नाही हा तिथला नियम आहे.

आणि मी सरसकट विरोधक असतो, तर फेडोरा या लिनक्स वितरणाने ३९ व्या आवृत्तीत मॅपची (एका प्रोसेसला किती मेमरी-तुकडे जोडता येतात त्याची) मर्यादा ६५,५३० वरून १०,४८,५७६ केली तेव्हा बाजूने लिहिलं नसतं. तो जुना आकडा आला होता कोअर डंपच्या (कोसळलेल्या प्रोग्रामची मेमरी जतन करणाऱ्या फाइलीच्या) हेडरमधल्या १६ बिटांच्या मोजणीतून. ती अडचण कधीच सुटली होती, आणि वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) चालणारे मोठे गेम मात्र त्या आकड्यापायी कोसळत होते. ती मर्यादा गृहीत धरून कोणी ॲरे बांधून ठेवला नव्हता. १०२४ गृहीत धरलेला आहे, थेट हेडर फाइलमध्ये. इतका साधा फरक आहे, पण तो दिसायला लेख वाचावा लागतो.

पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) मर्यादेबद्दलच्या तुमच्या दोन ओळी माझ्या लेखाबद्दल नाहीतच, त्यामुळे सोडून देतो. शीर्षक भडक आहे म्हणालात, असेल. 'आधी बेंचमार्क दाखवा' हे मात्र कशाचं ते कळलं नाही. मेमरीत भलतीकडे लिहिण्याचा वेग मोजायचा आहे का?

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. काका म्हणायलाही हरकत नाही, फक्त सोबत एखादा असा जुना प्रोग्राम सांगा जो तुम्ही स्वतः सिलेक्टवरून पोलवर नेलाय.