सुतावरून घाट

तुळजापूरच्या घाटात एका आजीबाईंनी मला ओव्हरटेक केलं. आजीबाई पायी होत्या. मी सहा सिलिंडरच्या मोटारीत होतो.

आश्विनातले दिवस. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर, आणि त्या दिवसांत रस्त्याच्या कडेनं भाविकांची रांग लागलेली असते. आम्हीही निघालो होतो, फक्त बसून. मागच्या सीटवर आई, बायको, मुलगी आणि पुरणपोळ्यांचा डबा. घाट लागला तशी गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर आली. त्याखाली गिअरच नाही, त्यामुळे तिचाही नाइलाज झाला. मागे निळा धूर असा की कुणाला वाटावं, गाडीत ऊद जाळलाय. तेवढ्यात डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एक आजीबाई खिडकीशी आल्या, चार पावलं माझ्या बरोबरीनं चालल्या आणि म्हणाल्या, "धक्का दिऊ का रं, लेकरा?" मी नको म्हणेपर्यंत त्या पुढच्या वळणाला लागल्या होत्या.

"त्या आरतीला पोचतील," आई मागून म्हणाली.

गाडी आजोबांची, १९४७ ची प्लायमाउथ. आजोबांचा चादरींचा कारखाना होता. कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, गाडी तेवढी राहिली. आजोबा तिला 'आपल्या गावची' म्हणत. का, तर वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याला हिच्याच घराण्यातल्या डॉज-प्लायमाउथ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे गाडी अमेरिकेची असली तरी सोयरीक सोलापूरची. नवी असताना ९५ अश्वशक्तीची होती. त्यातले बरेचसे घोडे आम्ही तीन पिढ्यांनी, वेळेवर ऑइल न बदलता, स्वहस्ते मारले. दोष गाडीचा नाही.

विजापूर वेशीकडच्या एका बोळात आमचे मिस्त्री चाचा आहेत. त्यांनी बॉनेट उघडून दहा मिनिटं नुसतं ऐकलं आणि निदान केलं, "मालक, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. बोअर करावं लागतंय."

इथे मी 'बरं' म्हणालो असतो तर सगळं तीन आठवड्यांत संपलं असतं. पण डोळ्यांपुढे ते गाठोडं होतं. मी विचारलं, "चाचा, खोलतोच आहोत तर पॉवर वाढवता येईल का?"

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. चाळीस वर्षं 'कमीत कमी कितीत होईल' एवढंच ऐकलेल्या माणसाला मी हे विचारलं होतं. त्यांनी पोऱ्याला दोन स्पेशल चहा सांगितले आणि तिथेच माझा कारभार आटोपला.

सोलापुरात सूत म्हटलं की धागा. मिस्त्री लोकांचं सूत वेगळं, इंचाचा आठवा भाग. इंजिनाची ताकद वाढवायची तर त्याचं पोट वाढवायचं: एक तर सिलिंडर रुंद करायचा, नाही तर पिस्टनची उडी लांब करायची. माझ्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, सव्वातीन इंच आणि उडी चार इंच तीन सूत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या पाऊण टनी डॉज गाड्यांत याच इंजिनाचा थोरला भाऊ होता. बोअर तोच, पण क्रँक, म्हणजे पिस्टनना वरखाली नाचवणारा दांडा, वेगळा, त्यामुळे उडी चार इंच पाच सूत. तो क्रँक माझ्या ब्लॉकमध्ये बसतो, असं चाचांचं म्हणणं. नुसता मिळायला हवा.

मिळायला चार महिने लागले. अक्कलकोट रोडला एका वेल्डिंगवाल्याच्या दुकानाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून जे धूड टेकवलेलं होतं, तेच ते. मी हवं म्हटल्याबरोबर त्या दाराला वाऱ्याचा भयंकर त्रास व्हायला लागला. शेवटी धूड, त्याच्या जोडीचे, पिस्टन क्रँकला जोडणारे पोत्यातले सहा कनेक्टिंग रॉड आणि दाराला नवीन कडी, असा सौदा ठरला. पिस्टन अमेरिकेतल्या मेहुण्यानं आणले. बोअर इंचाच्या चाळीस हजारांशांनी मोठा करणार होतो, म्हणून ओव्हरसाइज. विमानतळावर त्याला बॅग उघडायला लावली. "दाजींचे पिस्टन आहेत," असं त्यानं सांगितलं म्हणे. अजून तो माझ्याशी तुटक बोलतो.

एका रात्री मी हिशेब मांडून बायकोला दाखवला. जुनं इंजिन ३,५६९ सीसी, नवं ३,८६६. वाढ २९७ सीसी.

"सीसी म्हणजे मिलीच ना?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हणजे तीन कप चहा."

त्यानंतर आमच्याकडे कुणीही आलं की ती चहा देताना म्हणते, "घ्या, ह्यांच्या इंजिनाचा तिसरा हिस्सा."

मग एका दुपारी चाचांचा फोन, "मालक, येऊन बघा. पिस्टन बाहेर आलेत." मी भरल्या ताटावरून उठलो. हेड अजून बसवायचं होतं. या इंजिनाचं हेड म्हणजे नुसती झाकणी, व्हॉल्व्ह सगळे खाली ब्लॉकमध्येच. चाचा क्रँक हातानं फिरवत होते. चार पिस्टन शहाण्यासारखे काठापर्यंत येऊन परतत होते, आणि दोन चांगले सूतभर वर डोकं काढून बोळात कोण आलंय ते बघत होते.

घोळ पोऱ्याचा. उडी दोन सूत वाढली म्हणजे पिस्टन एक सूत वर आणि एक सूत खाली जास्त जाणार. वरचं सूत जिरवायचं तर रॉड सूतभर आखूड हवा, म्हणून तर वेल्डिंगवाल्याकडचे आणले होते. पोऱ्यानं जुने-नवे रॉड एकाच घमेल्यात धुतले, आणि धुतल्यावर सगळे सारखेच गोजिरे दिसले. असंच हेड लावून सेल्फ मारला असता तर पिस्टन झाकणीवर आपटले असते. चाचांनी पोऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चारही भाषांत केला. सोलापुरात ही सोय आहे.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. ब्लॉक आणि रेडिएटर धुऊन मग चौदा-पंधरा लिटर भरायचं, आणि आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. बायकोनं स्पष्ट सांगितलं, आधी पिंप, मग टाकी, मग तुळस, मग माझी सवत. सवतीचा नंबर दोन आठवड्यांनी लागला.

मे महिन्यात इंजिन बसलं. सावलीतसुद्धा पाना हातात धरवत नव्हता. मुहूर्तावर आईनं नारळ फोडला, चाचांनी सेल्फ मारला, आणि कार्बोरेटरमधून असा बार उडाला की समोरच्या गच्चीवर कुरडया घालणाऱ्या काकू खाली वाकल्या. दुसरा बार सायलेन्सरमधून. ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असतो. पोऱ्यानं प्लगच्या वायरी १-२-३-४-५-६ अशा, बालवाडीत शिकवतात तशा लावल्या होत्या. वायरी बदलल्या आणि तिसऱ्यांदा सेल्फ मारला.

तो आवाज काय सांगू! शिवणयंत्रासारखा. रेडिएटरच्या टोपीवर रुपयाचं नाणं उभं करून बघितलं, पडलं नाही. चाचा उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "धूर गेला डोळ्यात." धूर नव्हताच. काकूंनी मात्र काजळी धरलेल्या तीन कुरडया पुरावा म्हणून आणून दिल्या.

"आता घाट!" मी म्हणालो.

"कुठला घाट? काय बोलायलाव मालक?" चाचा दचकले. "रिंगा बसायच्यात अजून. पहिले दीड हजार किलोमीटर साठच्या वर न्यायची नाही. लोड द्यायचा नाही. घाट तर नावच काढू नका."

आमची गाडी वर्षाला तीनशे किलोमीटर चालते. हिशेब बायकोनंच केला, "पाच वर्षं."

मी रोज सकाळी होटगी रोडला चकरा मारू लागलो. मला सायकलवाले मागे टाकत. भाजी आणायची तर मंडई, आणि दूध आणायचं तर पार दुसऱ्या गावी, मोहोळला. पेट्रोलमध्ये त्या तीन कप चहाचे जेवढे पैसे गेले, तेवढ्यात हॉटेल निघालं असतं. आश्विन आला तेव्हा काट्यावर नऊशे दहा किलोमीटर झाले होते.

दर्शन तर चुकवता येत नाही. साठच्या आत घाटाच्या पायथ्यापर्यंत गेलो, एका धाब्याच्या सावलीला गाडी लावली आणि आईला, बायकोला, पोरीला एसटीत बसवून दिलं. मला जागा मिळाली नाही. मी डबा घेऊन चालू लागलो.

गेल्या वर्षीच्या त्याच वळणावर मागून काठीचा टकटक आवाज आला. तेच गाठोडं. आजीबाईंनी मला न्याहाळलं, घामाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"इकली का रं गाडी, लेकरा?"

"नाही आजी," मी धापा टाकत म्हणालो, "पॉवर वाढवली."

"बरं केलंस," म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.