फोटो काढला, नाव दिलं, झालं?

आरेतला एखादा कोळी, आंबोलीची एखादी गोगलगाय, घाटातला एखादा खेकडा. ‘नवीन प्रजातीचा शोध’ अशी बातमी आली की दोन दिवसांत एक मजकूर फिरायला लागतो. या वेळी तो मला एकाच आठवड्यात चार ग्रुपवर आला, त्यातला एक तर आमच्या सोसायटीच्या पाणीकपातीचा ग्रुप. मजकुराचं सार असं: हे किडे हजारो वर्षं इथेच आहेत, त्यात नवीन काय? कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो, किड्याला स्वतःचं नाव देतो आणि पेपरात झळकतो. खरं काम तर डीएनएचं मशीन दोन मिनिटांत करतं. वर मुक्या जीवाला मारतात. आणि शेतकऱ्याला उपयोग? शून्य.

मी कोळ्यांवर काम करतो, म्हणजे नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात. मजकुरातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. किडे इथे आधीपासून आहेत आणि नमुना मारावा लागतो. उरलेल्याचा हिशोब करू.

आधी शब्दाचा घोळ. बातम्यांत ज्याला ‘प्रजाती’ म्हणतात ती स्पीशीज. आपल्या जुन्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत मात्र प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. त्यामुळे ‘नवीन प्रजाती सापडली’ असं वाचल्यावर नेमकं काय सापडलं हे निम्म्या वेळा कळतच नाही. मी इथे जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, वंश म्हणतो आणि स्पीशीजला जाती.

‘हजारो वर्षं इथेच आहेत, त्यात नवीन काय?’ नवीन म्हणजे आज जन्मलेली, असं कोणीच म्हणत नाही. नवीन म्हणजे नोंदीत नसलेली. ही नोंद कुठून धरायची तेही ठरलेलं आहे. प्राण्यांची नावं स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीपासून मोजतात. कोळ्यांना एक सवलत आहे. स्वीडनच्या कार्ल क्लार्कनं १७५७ मध्ये तिथल्या कोळ्यांवर लिहिलेलं पुस्तक प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनं अपवाद म्हणून धरलं आहे. तिथपासून आजवरची सगळी नावं जागतिक कोळी सूचीत आहेत. एप्रिल २०२२ मध्ये या सूचीनं पन्नास हजारांचा आकडा गाठला. पन्नास हजारावा मान दक्षिण अमेरिकेतल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला मिळाला. ‘माझा कोळी नवीन आहे’ असं म्हणणारा माणूस एवढ्या सगळ्या नोंदींना तोंड देऊन उभा असतो. त्या वंशातल्या प्रत्येक जातीचं वर्णन, मग ते १८७८ सालच्या जर्मनमध्ये का असेना, वाचून ‘हा तो नव्हे’ हे दाखवावं लागतं.

कातकरी बाईला ओढ्यातल्या खेकड्यांमधले भेद माझ्यापेक्षा जास्त कळतात, याबद्दल माझा वाद नाही. पण तिचा शब्द पुढच्या तालुक्यात बदलतो. कोल्हापूरचा खेकडा आणि कारवारचा खेकडा एकच का, हे ठरवायला दोन्हीकडे चालेल असं एक नाव लागतं. गंमत म्हणजे त्या नावात आपलीच भाषा शिरते. २०१४ मध्ये पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांसाठी जो नवा वंश मांडला, त्याचं नाव घाटियाना. आपला घाटच तो.

‘फोटो काढला की झालं.’ इथे मात्र थोडं थांबतो, कारण हा गैरसमज शिकल्यासवरल्या लोकांतही आहे.

चार मिलिमीटरचा नर कोळी घ्या. तोंडापुढे दोन आखूड हात असतात, टोकाला मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखे फुगीर. बऱ्याच कोळ्यांची जात तिथे ठरते. त्या फुगीर भागात एक गुंडाळलेली नळी, तिचं सुईसारखं टोक, शेजारी एखादा काटा. टोक आत वळतं की बाहेर, काटा सरळ की आकडीसारखा, यावर दोन जाती वेगळ्या होतात. अंगावरचे पट्टे सेम टू सेम असले तरी. हे बघायचं तर कोळी अल्कोहोलमध्ये, बशीत बारीक वाळू घालून तिच्यात टेकवून ठेवायचा, म्हणजे हलत नाही. डावा हात चिमट्यानं अलगद सोडवायचा आणि खालून व बाजूनं, दोन्हीकडून त्याचं चित्र काढायचं. डावाच का, तर सगळे डाव्याचंच चित्र काढतात. उजव्याचं काढलंत तर तुलना करणाऱ्याला आरसा घेऊन बसावं लागेल. मादीचं प्रकरण आणखी नाजूक. पोटाखालचा जननेंद्रियाचा भाग कापून लवंगेच्या तेलात ठेवायचा. हळूहळू तो पारदर्शक होतो आणि आतल्या नळ्या दिसायला लागतात. आमच्याकडे हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालतं. मसालेभात नसतानाही मसालेभाताचा वास येतो, यावरून घरात एकदा वादही झाला आहे. पिल्लू सापडलं तर यातलं काहीच तयार नसतं, मग वंशापर्यंत जाऊन गप्प बसायचं. मोबाइलच्या फोटोत डोळे चमकतात, पट्टे सुंदर येतात, ती नळी येत नाही.

फोटोवरून नाव देण्याचा प्रयत्न झालेला आहे, हे मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसावं. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन फक्त छायाचित्रांवरून प्रसिद्ध झालं. केवढा गदारोळ! पुढच्या वर्षी जवळपास पाचशे वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या करून त्याला विरोध केला. फोटो काढला की झालं, असं सगळ्यांत कमी मानणारे लोक हेच.

कारण नमुना हा या कामातला मुद्देमाल आहे. १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या जातीसाठी नाव कोणत्या नमुन्याला बांधलेलं आहे हे स्पष्ट सांगावं लागतं आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही. त्या नमुन्याला होलोटाइप म्हणतात. आपल्याकडे २००२च्या जैवविविधता कायद्यानंही नवी जाती सापडल्यावर ठरलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करणं बंधनकारक केलं आहे. उद्या कोणाला शंका आली तर बाटली उघडून बघता यायला हवी. २ सप्टेंबर २०१८ला रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, तेव्हा जगभरचे कीटकवाले आणि कोळीवाले सुतकात होते ते यामुळेच. मुद्देमाल जळाल्यावर शंका आली तर उघडायचं काय?

माझाही एक पराक्रम सांगतो. सुरुवातीला मी बाटलीतल्या चिठ्ठ्या बॉलपेननं लिहिल्या. अल्कोहोलमध्ये शाई विरघळली आणि महिन्याभरानं सोळा कोळी फिकट निळ्या पाण्यात बसले होते. कुठले, कधीचे, पत्ता नाही. सगळे बाद. तेव्हापासून शिसपेन्सिल.

‘स्वतःचं नाव देतात.’ नाही देत. नियमावलीत तशी अक्षरशः बंदी नाही, पण केलं तर लोक हसतात. गोंधळ होतो तो नावापुढे लागणाऱ्या आडनावामुळे. आपल्या घरांच्या भिंतींवर फिरणारा करडा कोळी मेनेमेरस बायविटॅटस. त्याच्यापुढे कंसात ‘दुफूर, १८३१’ असं लिहितात. हे कोळ्याचं नाव नव्हे, वर्णन कोणी आणि कधी केलं त्याची पावती आहे. आणि कंसालाही अर्थ आहे: दुफूरनं ही जाती दुसऱ्या वंशात ठेवली होती, पुढे कोणीतरी ती हलवली. सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखंच. जमीन तीच, नोंद बदलली, जुनी खूण राहिली.

जातीची नावं बहुतेक वेळा रूपावरून, जागेवरून किंवा दुसऱ्या माणसाच्या सन्मानार्थ देतात. आरेत सापडलेल्या एका टॅरेंटुलाचं नाव हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस. ठाण्यातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये तुकारामी हे नाव मिळालं, ते २६/११च्या रात्री कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. यात कोणाची मिरवामिरवी आहे?

पैसे घेऊन नाव दिल्याची उदाहरणं मात्र आहेत, तीही सांगायला हवीत. बोलिव्हियातल्या एका माकडाच्या नावाचा हक्क २००५ मध्ये लिलावात साडेसहा लाख डॉलरला एका ऑनलाइन कॅसिनोनं घेतला. रक्कम तिथल्या राष्ट्रीय उद्यानासाठी गेली. मला स्वतःला हा प्रकार आवडत नाही.

खरं तर टीका करायचीच होती तर याहून धारदार हत्यार हाताशी होतं: चुकून दिलेली दुबार नावं. किनाऱ्यावरच्या लिटोरिना सॅक्सॅटिलिस या बोटाच्या पेराएवढ्या गोगलगाईला शतकानुशतकं मिळून शंभरावर नावं दिली गेली होती. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाला मारणारी एक चिमुकली गांधीलमाशी भारतातून २००९ मध्ये नवी म्हणून वर्णिली गेली. पुढे लक्षात आलं की अमेरिकेतून आधीच वर्णिलेली एक जाती हीच आहे. जुनं नाव टिकलं, नवं गेलं. चूक झाली आणि ती सापडली, कारण दोन्हीकडचे नमुने जपलेले होते.

‘डीएनएचं मशीन दोन मिनिटांत सांगतं.’ मशीन जुळवाजुळव करतं. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही बारकोडची कल्पना मांडली. प्राण्यांच्या एका ठराविक जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि साठवलेल्या तुकड्यांशी ताडून बघायचा. उत्तम साधन आहे, नर आणि मादी एकाच जातीचे आहेत का हे लावायला मीही वापरतो. पण साठ्यात ज्याचं नाव आहे त्याचंच नाव ते सांगणार, आणि ते नाव आधी कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडून ठरवलेलं असतं. जुळलं नाही तर? एक तर जाती नवी आहे, नाहीतर १८९५ सालीच नाव दिलेली असून तिचा डीएनए कोणी काढलेला नाही. यातलं खरं काय, हे मशीनला कळत नाही. शिवाय वोल्बाकिया नावाचा जिवाणू कीटकांच्या पेशीत राहून या तुकड्याच्या वारशात घोळ घालतो, तो वेगळाच. २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या ४०३ नव्या गांधीलमाश्या मुख्यतः बारकोड आणि एकेका फोटोच्या जोरावर एका झटक्यात जाहीर झाल्या, त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. मी त्याला विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

‘मुक्या जीवाला मारतात.’ हो. एका वर्णनासाठी बहुधा मूठभर. त्याच आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांवर झाडं तोडली गेली, त्यांच्या सालीखालचे कोळी कोणी मोजले नाहीत. एवढंच.

आता शेतकरी. पपईवरचा पिठ्या ढेकूण आठवतो? पांढरा कापूस पसरल्यासारखी झाडं, चिकट फळं, वर काळी बुरशी. भारतात तो २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि बघता बघता पुण्यापर्यंत आला. फवारण्या करून लोक थकले, कारण मेणाच्या आवरणाखाली औषध पोचतच नाही. मग २०१० मध्ये प्युएर्तो रिकोहून जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या गांधीलमाश्यांच्या तीन जाती आणल्या. त्यातल्या ॲसेरोफॅगस पपायेनं काम फत्ते केलं. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते. या ढेकणाला १९९२ मध्ये नाव मिळालं होतं आणि माशीला २००३ मध्ये. म्हणजे कोइमतूरची पपई पांढरी पडायच्या आधीच कोणीतरी दोघांची चित्रं काढून ठेवली होती. ‘काय उपयोग’ हा प्रश्न त्यांनाही नक्की विचारला गेला असणार.

आणि नाव चुकलं तर काय होतं, ते आफ्रिकेनं भोगलं. ज्या कंदापासून आपण साबुदाणा करतो तो कसावा तिथं कोट्यवधींचं रोजचं अन्न आहे. सत्तरच्या दशकात त्यावर असाच ढेकूण पडला. त्याचे शत्रू शोधायला माणसं दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात गेली, तिथे हुबेहूब ढेकूण मिळाला, त्याच्यावरच्या माश्या आणल्या. त्या आफ्रिकेतल्या ढेकणावर चालेनात. उत्तरेत मिळालेला तो ढेकूण वेगळ्याच जातीचा निघाला! त्याला १९८१ मध्ये स्वतंत्र नाव दिलं गेलं. खरा ढेकूण त्याच वर्षी पॅराग्वेत सापडला, त्याची माशी मिळाली आणि मग प्रश्न सुटला. त्या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरन यांना १९९५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

राहता राहिली ती दोन मिनिटं. २०१२ मध्ये काही अभ्यासकांनी हिशोब केला: नमुना गोळा होतो त्या दिवसापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. माझ्या कपाटात एक बाटली आहे, पेन्सिलीच्या चिठ्ठीची. आत एकच नर, हातावरचा काटा असा वळलेला की तो कुठल्याच माहीत असलेल्या वंशात बसत नाही. एका नरावर नवा वंश उभा करायचं धाडस मला होत नाही. गेले चार पावसाळे त्याच झुडपांखाली पांढरी छत्री उलटी धरून फांद्या झोडपतोय. मादी अजून पडलेली नाही.