चावी परत केली म्हणजे कर्ज फिटते काय?

गेले काही महिने इंदूरला फोन केला की एकच वाद कानावर येतो. माझ्या मामेभावाने निपानियात दुसरा फ्लॅट कर्ज काढून घ्यायचे ठरवले आहे, आणि तो राहण्यासाठी नसून भाड्याने देण्यासाठी आहे. मामींना काळजी वाटते, आणि त्यांची समजूत घालताना घरातले सगळे एकच आधार देतात: "हप्ते नाहीच झेपले तर फ्लॅट बँकेच्या हवाली करू आणि मोकळे होऊ, दादाच्या तिकडे तर लोक सरळ चावी परत करतात." हा दादा म्हणजे मी. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहून मी असे कधीही म्हटलेले नाही, आणि माझ्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या समजुतीने मी अस्वस्थ होतो, कारण तिच्या भरवशावर चाळीस लाखांचे कर्ज घेतले जाणार आहे.

ही समजूत आली कोठून, याचा अंदाज मला आहे. 2008 च्या सुमारास अमेरिकेत घरांच्या किमती कोसळल्या, तेव्हा काही राज्यांतील कर्जदारांनी घरे सोडून दिली आणि सावकाराला उरलेल्या रकमेसाठी त्यांच्या मागे लागता आले नाही. पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यातही खरेदीच्या कर्जाला मिळणारे ते खास संरक्षण खरेदीदार ज्या घरात स्वतः राहतो त्या घरासाठी आहे. केवळ भाड्यासाठी घेतलेल्या घराला ते लागू होत नाही. शिवाय अमेरिका म्हणजे इंग्लंड नव्हे. इंदूरहून पाहताना सगळी विलायत एकच दिसते, हे मी समजू शकतो. परंतु कर्जाचा करार ज्या देशात होतो त्या देशाच्याच कायद्याने चालतो.

येथे काय होते ते सांगतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एक टेरेस घर, म्हणजे रांगेतले भिंतीला भिंत लागून असलेले घर, बाय-टु-लेट कर्जावर, म्हणजे भाड्याने देण्याच्या घरासाठी मिळणाऱ्या कर्जावर, घेतले होते. अशी बहुतेक कर्जे केवळ व्याज भरण्याची असतात; मुद्दल शेवटपर्यंत तसेच राहते. डिसेंबर 2021 पर्यंत बँक ऑफ इंग्लंडचा दर 0.1 टक्का होता, तो ऑगस्ट 2023 मध्ये 5.25 टक्क्यांवर गेला. त्यांच्या ठरावीक दराची मुदत नेमकी त्याच काळात संपली, हप्ता दुपटीहून अधिक झाला आणि काही महिने थकला. सावकार न्यायालयात गेलाच नाही. त्याने 1925 च्या मालमत्ता कायद्यानुसार रिसीव्हर, म्हणजे तारण घराचा कारभार पाहणारा माणूस, नेमला, आणि त्या रिसीव्हरने भाडेकरूला पत्र पाठवले की यापुढचे भाडे माझ्याकडे जमा करावे. हा रिसीव्हर नेमतो सावकार, पण कायद्याच्या दृष्टीने तो कर्जदाराचा प्रतिनिधी मानला जातो, त्यामुळे त्याचे शुल्कही कर्जदाराच्याच खात्यावर चढते. घर विकले गेले, कर्ज पुरते फिटले नाही, आणि उरलेली रक्कम आजही त्यांच्या नावावर आहे. मुद्दलाच्या अशा बाकीसाठी सावकाराला बारा वर्षांपर्यंत दावा लावता येतो. त्यांनीही चावी दिली होतीच.

आता इंदूरचे पाहू. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्जाचे, ठरते. मग 2002 च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम 13(2) खाली साठ दिवसांची नोटीस येते. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर बँक ताबा घेऊ शकते, आणि ताब्याची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातले एक स्थानिक भाषेचे असते. ज्या शहरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत अर्धी मराठी वस्ती एकमेकांच्या नात्यात आहे, तेथे सकाळच्या पेपरात कर्जदार आणि हमीदार या दोघांचीही नावे पत्त्यासकट छापून येणे म्हणजे काय, हे मी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलेक्टरकडे अर्ज करते. दाद मागायची तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जावे लागते, आणि मध्य प्रदेशाचे न्यायाधिकरण जबलपूरला आहे. म्हणजे प्रत्येक तारखेला रात्रभराचा रेल्वेप्रवास आणि वकिलाची फी. लिलावातून कर्ज पुरते वसूल झाले नाही तर कलम 13(10) बँकेला उरलेल्या रकमेसाठी कर्जदारावर दावा लावू देते. ज्याला घरात "मोकळे होणे" म्हणतात, ते या सगळ्या वाटेवर कोठेही येत नाही.

यावर मामेभावाचे उत्तर असे की भारतातला कायदा जुलमी आहे, आणि तुझ्याकडे माणसाला तरी विचारतात. हे अर्धेच खरे आहे. येथे राहत्या घराचा हप्ता थकला तर सावकाराला न्यायालयात जाण्यापूर्वी कर्जदाराशी बोलावे लागते, मुदत वाढवून देण्यासारखे पर्याय तपासावे लागतात, आणि त्यावर नियामकाची करडी नजर असते. ही व्यवस्था मला मनापासून आवडते, आणि आपल्याकडेही ती यावी असे मी म्हणत आलो आहे. पण भाड्याने देण्यासाठी घेतलेले कर्ज सामान्यतः त्या संरक्षणाच्या बाहेर ठेवलेले आहे, कारण तो धंदा मानला जातो, आणि धंदा करणाऱ्याने आपला धोका ओळखावा अशी अपेक्षा असते. तेव्हा माझ्या देशाचा दाखला द्यायचाच असेल (मी "माझ्या देशाचा" असे लिहिले, आणि ते खोडणार नाही), तर तो पुरा द्यावा.

या वादात भाडेकरूचे नाव कोणी घेत नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. निपानियातल्या त्या फ्लॅटमध्ये कोणी तरुण जोडपे राहायला येईल, अनामत देईल, मुलाला जवळच्या शाळेत घालेल, दरमहा भाडे चुकते करेल. आणि घरमालकाने ते भाडे बँकेत भरले नाही, तर एक दिवस दारावर नोटीस लागेल. सरफेसीखाली बँक भाडेकरूला भाडे थेट आपल्याकडे भरायला सांगू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या निकालात स्पष्ट केले आहे की एक वर्षाहून अधिक काळ ताब्याचा हक्क सांगायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, आणि आपल्याकडचे बहुतेक करार अकरा महिन्यांचे, नोंदणीविना असतात. इंग्लंडमध्ये 2010 च्या एका कायद्यामुळे सावकाराच्या संमतीविना ठेवलेल्या भाडेकरूलाही घर सोडण्यासाठी न्यायालयाकडे दोन महिन्यांपर्यंतची मुदत मागता येते. दोन महिने फार नव्हेत, पण त्या माणसाचे अस्तित्व कायद्याने निदान मान्य तरी केले आहे.

"भाड्यातून हप्ता निघेल" हे दुसरे वाक्यही मी हिशेबाला लावून पाहिले. चाळीस लाख रुपये, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे: हप्ता सुमारे 34,700 रुपये. पन्नास लाखांच्या फ्लॅटला त्या भागात पंधरा-सोळा हजार भाडे मिळाले तरी उत्तम. म्हणजे निम्म्याहून अधिक हप्ता पगारातून जाणार, आणि घर रिकामे पडले की पूर्ण. 2020 मध्ये भंवरकुआँचे कोचिंग वर्ग बंद झाले आणि विद्यार्थी गावी परतले, तेव्हा त्या परिसरातल्या खोल्यांचे काय झाले हे इंदूरकरांनी पाहिलेले आहे. रिझर्व्ह बँकेने तेव्हा हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत दिली, पण व्याज चढतच राहिले.

आणि हमीदार म्हणून सही मामींची घेणार आहेत. मामी निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचे पेन्शन आहे आणि मामांनी बांधलेले टिळकनगरचे घर त्यांच्या नावावर आहे. 1872 च्या करार कायद्याचे कलम 128 सांगते की हमीदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. कर्जदाराला आधी पुरते पिळून मग हमीदाराकडे यायचे, असे बंधन बँकेवर नाही. ज्या घरात माझ्या सुट्ट्या गेल्या, ज्या अंगणात अनंत चतुर्दशीच्या झाँकी, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, पाहायला निघण्यापूर्वी आम्ही सगळे जमत असू, ते घर एका सहीने या व्यवहारात ओढले जाईल. मला इतका राग का येतो, असे पत्नीने विचारले, तेव्हा हे उत्तर मला द्यावे लागले. त्या घरावर माझा कायदेशीर हक्क काडीइतकाही नाही. माझे स्वतःचे म्हणून इंदूरात काही उरलेले नाही; मी ज्याला घर म्हणतो ते मामींचे आहे, आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नसताना मी तो घेतो आहे. इंदूरचे निर्णय आता मला विचारून होत नाहीत. माझा उपयोग "तिकडे असे करतात" या दाखल्यापुरता उरला आहे, आणि तो दाखलाही चुकीचा असावा हे मला सहन होत नाही.

म्हणून मामेभावाला माझे सांगणे आहे. फ्लॅट घ्यायचाच असेल तर सहा महिन्यांचे पूर्ण हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय सही करू नकोस. भाडे थांबले तर नव्वद दिवस होण्याची वाट न पाहता शाखेत जाऊन बोल. विकण्याची वेळ आली तर तूच विक, कारण लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की पैसे भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क संपतो, हे 2016 च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. आणि मामींना यातून वगळ. बँक परदेशस्थ हमीदार स्वीकारत असेल तर माझी सही घे. मंजुरीपत्र आणि कराराचा मसुदा आधी मला पाठव, मी तो ओळ न् ओळ वाचून मगच सही करीन.